भिंतीवरची भोपळ्याची बी आणि बाभळीवरची मोळी

पावसाळा सरत आला की या सदराच्या पत्रांचा रंग बदलतो. जूनमध्ये साप, जुलैत गोगलगायी, आणि एकदा गणपती उठले की 'ताई हे काय आहे?' एवढंच लिहून एक धूसर फोटो, ज्यात भिंत दिसते, भिंतीवर काहीतरी करडं दिसतं आणि कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा अंगठा. या खेपेला तसे इतके आले की म्हटलं सगळी पानं घर अंगावर वागवणाऱ्या अळ्यांनाच देऊन टाकू.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढे पुढे तीच तीच सांगायला नको. या अळ्या ओळखायच्या असतील तर अळीच्या मागे लागू नका, ती आत दडलेली असते आणि बाहेर आली तरी डोकं आणि सहा पाय एवढंच दाखवते. तिचं घर बघा. ते कशाचं बनलंय, कुठे सापडलं, आणि त्याला तोंड एक आहे की दोन, एवढं नीट पाहिलंत तर निम्मं काम तिथेच झालं. फोटो काढताना शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, कारण 'छोटंसं' म्हणजे कुणासाठी तांदळाएवढं असतं आणि कुणासाठी चिंचेच्या बोटुकाएवढं.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही डोंबिवलीला राहतो, दुसरा मजला. बेडरूमच्या भिंतीवर आणि बाथरूमच्या दारावर भोपळ्याच्या बीसारखं करडं काहीतरी चिकटलेलं असतं, झाडूने काढलं की आठ दिवसांत परत हजर. मला आधी प्लॅस्टरचा पोपडा वाटला होता, पण काल तो पोपडा चालायला लागला! सासूबाई म्हणतात ती भिंतीतला चुना खाते, शेजारच्या काकू म्हणतात अंगावर पडली तर पुरळ येतं. घरात दोन वर्षांचं बाळ आहे, पेस्ट कंट्रोल करून घेऊ का?

उत्तर : नका करू, निदान याच्यासाठी तरी नका. तुमची भोपळ्याची बी अगदी बरोबर आहे, याहून चांगलं वर्णन मी पण करू शकले नसते. ही एका छोट्या करड्या पतंगाची अळी, फेरेओएका वंशातली, कपड्यांना कसर लावणाऱ्या पतंगांच्या कुळातली म्हणजे टिनेइडी कुळातली. घरटं साधारण 8 ते 14 मिलिमीटर लांब, चपटं, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळतं. आणि गंमत अशी की याला दोन दारं असतात, दोन्ही सारखीच. मध्ये रुंद का, तर अळीला आतल्या आत वळता यावं म्हणून. एका दारातून डोकं काढून चालत असते, तुम्ही समोर बोट धरलंत की आत जाते, फिरते, आणि दुसऱ्या दारातून निघून उलट्या दिशेने चालू पडते. बाळाला दाखवा, टीव्हीपेक्षा बरं.

चुना ती खात नाही. घरटं आतून रेशमाचं असतं आणि बाहेरून ती जे हाताशी येईल ते चिकटवते, वाळूचे कण, रंगाचे पोपडे, धुळीतले धागे, दुसऱ्या किड्यांची विष्ठासुद्धा, त्यामुळे ते भिंतीसारखंच दिसतं आणि लोकांना वाटतं ही भिंत खाते. माझ्याकडच्या एका घरट्यावर गुलाबी आणि निळे कण होते, भिंगातून बघितल्यावर ट्यूब पेटली की बाई देवघरापासून आलीय, रांगोळी लावून.

मग खाते काय? मुख्य म्हणजे जळमटं. कोळ्याची जुनी सोडून दिलेली जाळी, मेलेले डास-मुंग्या, गळलेले केस, कुठे लोकरीचा धागा. म्हणजे तुमच्या घरी ही दिसते याचा अर्थ एवढाच की कपाटाच्या मागे आणि एसीच्या वर बऱ्याच दिवसांत कुंचा फिरलेला नाही (रागावू नका, माझ्याकडेही तेच आहे). दुसरी अट दमटपणाची, कोरड्या हवेत ही तग धरत नाही, म्हणून मुंबई-ठाणे-कोकण-गोव्यात घरोघरी आणि तेही बाथरूमच्या आसपास जास्त. चावत नाही, डंख नाही, विष नाही, पुरळ उठवणारे केस नाहीत. काकूंच्या मनात बहुतेक शेवग्यावरची केसाळ सुरवंटं असणार, ती वेगळी, त्यांच्यापासून लांबच रहा.

फवारणी करून का उपयोग होत नाही तर ती आत बसलेली असते, औषध लागतं घरट्याला. शिवाय औषधाने जे किडे मरतील ते पडून राहिले की तिचंच जेवण. त्यापेक्षा छताचे कोपरे, पडद्यांचे रॉड, पलंगाखाली, कपाटामागे जळमटं काढा, घरटी व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने उचला आणि कचऱ्यात बांधून टाका, नुसती झाडून बाल्कनीत ढकलाल तर ती चालत परत येणार, तुम्ही लिहिलंत ते 'आठ दिवसांत परत हजर' त्यातलंच आहे. बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवा. एक मादी साधारण 200 अंडी घालते, त्यामुळे एकदा काढून भागणार नाही, दोन महिने दर आठवड्याला हात फिरवावा लागेल.

आणि जी भिंतीला पक्की चिकटलीय, हलत नाही, टोकातून पातळ तपकिरी सालपट बाहेर लोंबतंय, ती रिकामी. पतंग उडून गेला, फक्त घर राहिलं.

प्रश्न : सांगोल्याहून आजोबांनी आणलेली काळी घोंगडी ट्रंकेत होती, किनारीला पांढरे-लाल पट्टे आहेत. काल उघडली तर बारीक भोकं आणि त्यावर तांदळाएवढ्या नळ्या, काही काळ्या, काही अर्ध्या काळ्या अर्ध्या लाल. हीच भिंतीवरची अळी का? बाजूलाच आईच्या दोन पैठण्या आहेत, जीव खालीवर होतोय. — एक वाचक, पुणे

उत्तर : भिंतीवरची नाही, तिची चुलत बहीण म्हणा. आपण जिला कसर म्हणतो ती ही. खरं तर कसर हा शब्द आपण पुस्तकातल्या चंदेरी किड्यालाही वापरतो आणि लोकरीतल्या अळीलाही, त्यामुळे घोळ होतो, पण चंदेरी किडा पळतो आणि ही घर घेऊन सरपटते. नळी चपटी नाही, गोलसर, दोन्ही बाजूंना उघडी, आणि खास खूण तुम्ही स्वतःच लिहिलीत, घराचा रंग. ज्या लोकरीवर चरते त्याच लोकरीचे तंतू कातरून घर वाढवते. काळ्या भागावर जन्मली, तिथे काळं घर बांधलं, मग लाल पट्ट्यावर गेली, पुढचा भाग लाल. म्हणजे घरावरून तिचा प्रवास वाचता येतो, आजोबांच्या घोंगडीचं दुःख बाजूला ठेवून बघितलं तर कौतुक वाटावं अशीच गोष्ट आहे.

हिचा वंश टिनिया. यातली सगळ्यात नावाजलेली टिनिया पेलिओनेला, हे नाव लिनियसने 1758 मध्येच देऊन ठेवलंय, पण उष्ण देशांत हिच्यासारख्या दिसणाऱ्या आणखी जाती आहेत ज्या पतंगाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. त्यामुळे फोटोवरून कुणी छातीठोकपणे जात सांगितली तर हसून सोडून द्या, वंश कळला तरी उपायाला पुरतो. कपड्यात भोकं आहेत, पण फिरती घरं नाहीत, नुसती रेशमी जाळी आणि चिकटलेल्या बोगद्यासारख्या नळ्या आहेत, तर ती टिनेओला नावाची दुसरी बहीण, ती घर घेऊन फिरत नाही.

आता पैठणी. या अळ्यांचं खरं खाणं म्हणजे केरॅटिन, जे लोकर, केस, पिसं यांत असतं. रेशीम त्या मानाने कमी आवडतं, पण घामाचे, जेवणाचे डाग असलेली साडी असेल तर जोखीम आहेच, तेव्हा दोन्ही पैठण्या आजच ट्रंकेतून बाहेर काढा, घडी उलगडून उजेडात बघा, आणि पुन्हा लोकरीशेजारी ठेवू नका. नुसतं धुतलेलं सुती कापड त्यांच्या कामाचं नाही.

घोंगडीचं काय करायचं? कडक उन्हात घाला, ब्रशने दोन्ही बाजू झटका, शिवणी आणि गोंडे जास्त, अंडी तिथेच असतात. मग घट्ट घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशाला आठवडाभर ठेवा. हसू नका, म्युझियमवाले पण हेच करतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर थंड लोकरीवर पाणी धरतं. घोंगडी फ्रीजरमध्ये मावत नाही ही तक्रार येणारच, तर मग शेजारी कुणाचं आइस्क्रीमचं दुकान आहे का बघा, मी आमच्या दुकानदाराला पटवलं होतं, चार दिवस तो माझ्याकडे संशयाने बघत होता. डांबरगोळ्या लहान बाळ असलेल्या घरात नकोत. जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असलेल्या मुलांना त्यातल्या नॅप्थॅलिनने रक्तातल्या पेशी फुटण्याचा त्रास होतो, आणि आपल्या मुलाला ते कमी आहे की नाही हे बहुतेकांनी तपासलेलंच नसतं. ट्रंक मात्र रिकामी करून कोपरे पुसून घ्या.

प्रश्न : ताई, आमचं भाताचं खाचर आहे, संगमेश्वर तालुका. लावणी होऊन तीन आठवडे झाले, पातीची टोकं कातरीने कापल्यासारखी दिसतात, पानं पांढरी पडलीत आणि पाण्यावर पानाच्या बारीक सुरळ्या तरंगतात. दुकानदाराने दोन औषधं दिलीत, एकत्र मारा म्हणाला. मारू का?

उत्तर : दादा, बाटल्या अजून उघडल्या नसतील तर थांबा. तुम्ही 'सुरळ्या' हा शब्द लिहिलात तिथेच उत्तर आलं, कृषी विद्यापीठाच्या पुस्तकातही हिला सुरळीतील अळीच म्हणतात. शास्त्रीय नाव पॅरापॉयनिक्स स्टॅग्नॅलिस. पतंग अगदी छोटा, पांढरा, पंखांवर फिकट तपकिरी नक्षी, रात्री बांधावर बॅटरी लावलीत तर दिसेल.

ही अळी म्हणजे माझी जरा लाडकी आहे, तुमच्या खाचराचं नुकसान करते हे मान्य करून सांगते. पतंगाची अळी असून ही पाण्यात राहते. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक धाग्यांसारखे कल्ले असतात, माशासारखे म्हणा, आणि त्यांच्यावर ती पाण्यातला प्राणवायू घेते. पानाचं टोक कापते, त्याची गुंडाळी करून आतून रेशमाने शिवते, आत थोडं पाणी राहील अशी सोय करते, आणि ते होडकं घेऊन या चुडातून त्या चुडात तरंगत जाते. रात्री रोपावर चढून पानाचा हिरवा भाग खरवडते, खालचा पातळ पांढरा पापुद्रा तसाच राहतो. एक सुरळी चिमटीत घेऊन उलगडून बघा, फिकट हिरवी अळी आणि ते कल्ले दिसले की शंका संपली.

कारण हिची गल्लत होते पाने गुंडाळणाऱ्या अळीशी. ती पान दुमडून आत बसते, पण पान रोपालाच राहतं, तुटून पाण्यात पडत नाही. औषधं, वेळ, उपाय सगळं वेगळं, म्हणून आधी बघणं महत्त्वाचं. दुकानदाराला बघायला वेळ नसतो, त्याला बाटली खपवायची असते, त्यात त्याचा दोष आहे असंही नाही.

आता उपाय तुमच्या हातातच आहे. जी पाण्यावर जगते तिचं पाणी काढा. दोघांनी खाचराच्या दोन बाजूंना उभं राहून सुंभाची दोरी रोपांवरून ओढत न्यायची, सुरळ्या खाली पाण्यात पडतात, मग बांधाचं तोंड उघडून पाणी सोडायचं. तोंडाला जुनी मच्छरदाणी बांधा म्हणजे सगळ्या सुरळ्या तिथे अडकतील, नाहीतर तुमची पीडा खालच्या वाडीतल्या भावकीच्या खाचरात जाईल आणि मग अळीपेक्षा मोठं भांडण. दोन-तीन दिवस खाचर कोरडं राहू द्या. पाऊस थांबत नसेल तर उघडीप बघून करा. पाण्यावर रॉकेल टाकायचा जुना उपाय काही पुस्तकांत सापडेल, मी तो सांगणार नाही, त्याच पाण्यात बेडूक आहेत, चतुराची पिल्लं आहेत, मासे आहेत, आणि चतुर मोठे झाले की हेच पतंग हवेतल्या हवेत टिपतात.

घाबरायचं किती? लावणीनंतरचे पहिले काही आठवडे ही दिसते, फुटवे आले की भात सहसा सावरतो. पाणी काढूनही आठवड्यात नवीन पांढरे पट्टे दिसत राहिले तरच कृषी सहायकांना बोलवून मग औषध ठरवा, आणि दोन औषधं एकत्र तर कुणी लिहून दिल्याशिवाय अजिबात नको.

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावर बाभूळ आहे, तिच्या फांद्यांना काड्यांच्या छोट्या छोट्या मोळ्या लटकलेल्या आहेत, कुणीतरी मोजून कापून बांधल्यासारख्या. पोरं म्हणतात पक्ष्याने केलं. डाळिंबाच्या बागेला धोका आहे का? — बारामती

उत्तर : पक्षी नाही, पण पोरांचं चुकलं असं म्हणवत नाही, काम आहेच तसं सुगरणीच्या तोडीचं. ही सायकिडी कुळातली अळी, जगात या कुळाच्या तेराशेहून जास्त जाती आहेत आणि प्रत्येकीची बांधकामाची तऱ्हा वेगळी. बाभळीवर काड्या अशा उभ्या समांतर लावलेल्या, दीड-दोन इंच लांब, म्हणजे बहुतेक युमेटा क्रॅमेरी. चिंचेवर कधीकधी पानांच्या तुकड्यांनी मढवलेली बारीक शंकूसारखी घरटी सापडतात, ती दुसरी, टेरोमा. ही टेरोमा केरळात झाडांच्या लागवडीवर उतरली तेव्हा पीचीच्या वन संशोधन संस्थेतल्या लोकांना तिच्यावर बराच अभ्यास करावा लागला होता.

जपानी लोक या अळीला मिनोमुशी म्हणतात, मिनो म्हणजे गवताचा पावसाळी अंगरखा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम आपलं इरलं आठवलं, लावणीत वाकलेल्या बायका लांबून अशाच तर दिसतात. आणि श्रीलंकेत एकोणिसाव्या शतकात नोंदवलेली समजूत अशी की मागच्या जन्मी ज्यांनी सरपण चोरलं ते या जन्मी मोळी अंगावर घेऊन लटकतात. आमच्या घरी आम्ही तिला मोळीवालीच म्हणतो, मराठीत याहून पक्कं नाव रूढ झालेलं मला तरी भेटलेलं नाही, पुस्तकात पिशवी अळी वगैरे लिहितात ते काही जिभेवर बसत नाही.

मोळीचं वरचं तोंड अळीचं. तिथून डोकं आणि पाय काढून खाते, चालते, आणि धोका वाटला की आत ओढून घेऊन तोंड आवळते, बटव्याच्या दोरीसारखं. खालचं तोंड म्हणजे मोरी, विष्ठा तिथून बाहेर. मोठी होत जाईल तशी वरच्या बाजूला नवी काडी जोडत जाते. कोषात जायची वेळ आली की फांदीला रेशमाने पक्की बांधून घेते आणि आत उलटी होते, डोकं खाली. नर असेल तर खालच्या तोंडातून पिसासारख्या मिशांचा काळपट तपकिरी पतंग निघतो आणि कोषाची साल तिथेच अर्धी बाहेर लोंबत राहते. मादी मात्र मोळीतून बाहेर येतच नाही. पंख नाहीत, मिशा नाहीत, पाय असून नसल्यासारखे, ती आत बसूनच वास सोडते, नर शोधत येतो, मग आतच शेकड्यांनी अंडी घालते आणि मरते. तिच्यासाठी मोळी म्हणजे पाळणा, माजघर आणि सरण, सगळं एकच. अंड्यातून निघालेली पिल्लं रेशमाच्या धाग्याला लोंबकळतात आणि वाऱ्यावर जिकडे जातील तिकडे जातात. म्हणून तर एका झाडाला पुष्कळ आणि शेजारच्या झाडाला एकही नाही असं दिसतं, आईला उडता येत नाही ना.

डाळिंबाचं म्हणाल तर ही अळी खाण्याच्या बाबतीत फार नखरे करत नाही, बाभूळ, पेरू, गुलाब, डाळिंब सगळं चालतं. पण बांधावरच्या बाभळीला दहा-वीस मोळ्या लटकल्या म्हणून बागेत फवारा काढायची गरज नाही. बागेत फेरी मारताना दिसल्या तर कात्रीने कापून घ्या, ओढून तोडू नका, रेशीम इतकं चिवट असतं की सालपट निघतं. या रेशमाबद्दल 2018 साली जपानी संशोधकांनी जाहीर केलं होतं की ते कोळ्याच्या धाग्यापेक्षाही मजबूत आहे, आणि ज्याने हाताने मोळी फाडायचा प्रयत्न केलाय त्याला ते खोटं वाटणार नाही.

कापलेल्या मोळ्या लगेच जाळू नका, हे माझ्या चुकीतून शिकलेलं सांगते. कॉलेजात असताना मी बाभळीवरच्या बारा मोळ्या काढून होस्टेलच्या खोलीत टांगल्या, पतंग निघतील म्हणून रोज बघायचे. नर पतंग निघाला फक्त एक. बाकीच्यांतून निघाल्या बारीक गांधीलमाश्या, ज्या अळीच्या आत अंडी घालून तिला आतून खातात, रूममेट तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे शेतात या मोळीवालीचा बंदोबस्त करणारी माणसं आधीच कामावर आहेत. तेव्हा मोळ्या एका डब्यात ठेवून वर बारीक जाळी बांधा, माश्या जाळीतून निघून बागेत जातील, अळ्या आतच राहतील. ज्या मोळीला बाजूला टाचणीएवढं गोल भोक आहे ती तर झाडावरच राहू द्या, तिचा निकाल लागलेला आहे.

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या घराच्या कडेला थुजाचं कुंपण आहे, त्याला लहान पाइनच्या फळांसारखं काहीतरी लोंबतंय आणि एक बाजू वाळत चाललीय. ही पण तुमची मोळीवाली का?

उत्तर : तिचीच अमेरिकन भावंडं. थायरिडॉप्टेरिक्स हे नाव, थुजा आणि जुनिपर तिची आवडती. इथे मात्र मी बारामतीइतकी निवांत नाही, कारण पानझडी झाड खाल्लं तरी परत पालवतं, थुजाची बाजू एकदा पूर्ण उघडी पडली की ती सहसा परत भरत नाही. एका पिशवीत 500 ते 1000 अंडी असू शकतात आणि ती सगळा हिवाळा पिशवीतच काढतात, पिल्लं निघतात मे-जूनच्या सुमाराला. म्हणजे ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत तुम्हाला सवड आहे, थंडीत हातमोजे घालून एकेक पिशवी कापा, फांदीभोवतीचा रेशमाचा वेढाही काढा कारण फांदी जाड होते तसा तो तिला आवळतो, आणि साबणाच्या पाण्यात बुडवून टाका, झाडाखाली टाकलेल्यातून पिल्लं निघतातच. यातून सुटलेल्यांसाठी जूनमध्ये पिल्लं बारीक असताना बीटी हे जिवाणूंचं औषध चालतं, ऑगस्टमध्ये मारून पैसे वाया.

तुमच्या राज्यातल्या ईस्ट ब्रन्सविकच्या पर्यावरणप्रेमी मंडळींनी 2012 मध्ये राष्ट्रीय पतंग सप्ताह सुरू केला, आता जुलैमध्ये तो जगभर होतो, भारतातही. मुलांना घेऊन जा एकदा, पांढरी चादर, दिवा आणि रात्रीचं जागरण, कोजागिरीसारखं, फक्त दूध आपलं आपण न्यायचं.

प्रश्न : ताम्हिणीत ओढ्यातल्या दगडाखाली वाळूच्या कणांची नळी चालताना दिसली, पाण्याखाली! पतंगाचीच अळी ना?

उत्तर : इतक्या जवळ येऊन चुकलात. ही कॅडिस माशीची अळी, पतंग नाही पण पतंगांची सगळ्यात जवळची नातलग. पतंगाच्या पंखांवर खवले, हिच्या पंखांवर केस, आणि रेशीम दोघींकडे. भाताच्या खाचरात पानाची सुरळी तरंगत असेल तर पतंग, ओढ्याच्या तळाशी वाळूची किंवा काटक्यांची नळी सरपटत असेल तर कॅडिस, एवढं लक्षात ठेवलंत तरी ट्रेकमध्ये भाव खाऊन जाल. ह्यूबर्ट द्युप्रा नावाचे फ्रेंच कलाकार 1980 च्या दशकापासून या अळ्यांना वाळूऐवजी सोन्याचे तुकडे आणि मोती देतात, आणि त्या निमूटपणे दागिने बांधून देतात. बहुतेक कॅडिसना स्वच्छ, वाहतं पाणी लागतं, त्यामुळे त्या ओढ्यात बिस्किटाचे पुडे टाकू नका म्हणजे झालं. आणि दगड होता तसा पालथा घालून ठेवलात ना?

प्रश्न : ताई मी सहावीत आहे, साताऱ्याला राहतो. मला पेरूच्या झाडावर मोळीवाली सापडली, डब्यात ठेवलीय. तिला बाहेर काढून रंगीत कागद दिले तर ती रंगीत घर बांधेल का? आणि गोगलगायीसारखं ते घर तिच्या अंगाला चिकटलेलं असतं का?

उत्तर : अरे वा. दुसऱ्या प्रश्नाचं आधी, नाही, चिकटलेलं नसतं. गोगलगायीचा शंख तिच्या शरीराचाच भाग असतो, मोळीवाली मात्र शर्ट घालावा तशी आत असते आणि पोटाच्या बारीक पायांनी आतल्या रेशमाला घट्ट धरून ठेवते, म्हणून ओढली तर ती फाटेल पण सुटणार नाही. त्यामुळे बाहेर काढायची नाही हं. जपानमध्ये पूर्वीपासून मुलं हा रंगीत कागदांचा आणि लोकरीचा खेळ करतात आणि अळी खरंच रंगीत घर बांधते, पण मोठी झालेली अळी एकदा उघडी पडली की नवं घर बांधण्यातच तिची ताकद जाते, काही मरतात.

तू असं कर, तिला तिच्या घरात राहू दे आणि डब्यात रोज ताजं पेरूचं पान, एखादी काडी आणि चिरमुऱ्याच्या पुडीचा रंगीत कागद बारीक फाडून ठेव. ती मोठी होत असेल तर वरच्या तोंडाशी नवीन भर घालेल, त्यात एखादा लाल तुकडा लागतो का बघ. दिवसा ती मख्ख बसते, रात्री जेवण झाल्यावर टॉर्चवर लाल जिलेटिन लावून बघ. वहीत तारीख आणि मोळीची लांबी लिही. एक दिवस ती खायची थांबेल आणि तोंड झाकणाला बांधून टाकेल, तेव्हा मेली असं समजून फेकू नकोस, तीन-चार आठवडे वाट बघ, आणि खालून पतंग आला तर मला कळव, नाही आला तर बहुतेक मुलगी आहे.

आणि झाकणाला भोकं बारीक पाड, सुईने. मी एकदा खिळ्याने पाडली होती, सकाळी डबा रिकामा आणि मोळी पडद्यावर, तिथून ती खाली उतरवायला आईला स्टूल घेऊन चढावं लागलं, मी नव्हते ना उंच.